पदवीलाही घसारा लागतो

मे महिना संपत आला की आमच्या वेळणेश्वरात दोनच विषय चालतात. पाऊस कधी लागणार, आणि बारावी झालेल्या मुलाला कुठल्या ‘लाइन’ला घालायचं. पहिल्याचं उत्तर समुद्राकडे बघून थोडंफार तरी सांगता येतं. दुसऱ्यासाठी लोक आमच्या दुकानात येतात, कारण मी बी.कॉम. आहे आणि आमचे हे गावातल्या बऱ्याच जणांचे हिशेब वर्षानुवर्षं बघत आलेत. हल्ली त्या प्रश्नाला एक शेपूटही असतं. ‘काकी, कॉम्प्युटरला घातला असता, पण ते एआय सगळ्या नोकऱ्या खाणार म्हणतात. मग मेकॅनिकलला घालू का?’ आणि त्याच बाकड्यावर दुसरं कोणीतरी बसलेलं असतं, मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेलं. त्यांचा प्रश्न, ‘वहिनी, फंडाचे पैसे कुठे ठेवावेत?’

मला हे दोन्ही प्रश्न एकाच घरातले वाटतात. दोघांच्याही मनात आयुष्याचे तीन कप्पे पक्के आहेत. बाविशीपर्यंत शिकायचं, अठ्ठावन्नपर्यंत कमवायचं, त्यानंतर बसायचं. एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलं की मागचा कप्पा बंद. ‘लाइन’ हा शब्दही त्यातूनच आला असावा. एकदा गाडीत बसवून दिलं की मुलगा शेवटच्या स्टेशनावरच उतरणार. माझं म्हणणं असं आहे की ही सोय आपल्याकडे जेमतेम एका-दोन पिढ्यांना मिळाली, तीसुद्धा मोजक्या घरांना. आपल्या किनाऱ्यावर तर ती डोळ्यांदेखत दोनदा मोडली. तरी आपण मुलांना तीच वाट दाखवतो.

दोनदा मोडली याचा पुरावा आमच्या उधारीच्या वह्यांत आहे. सासरची मंडळी तीन पिढ्यांपूर्वी कऱ्हाडकडून घाट उतरून इथे आली, व्यापारासाठी. मीठ, रॉकेल, कापड आणि ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील यांवर दुकान उभं राहिलं. मी लग्न होऊन आले ते १९८२ साली. त्याच वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता, आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. नवीन सुनेला गावातली माणसं ओळखायला वेळ लागतो, पण मी माणसांच्या आधी त्यांची उधारीची पानं ओळखायला लागले. ज्यांच्या घरी दर महिन्याला परळ-लालबागहून मनिऑर्डर यायची आणि पोस्टमन गेला की त्याच दिवशी हिशेब चुकता व्हायचा, त्या पानांवर ‘जमा’ची बाजू कोरी पडायला लागली. आधी तीन महिने, मग सहा, मग वर्ष. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

पुढे ते पुरुष स्वतःच परतले. साचेखात्यात वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसं. तुटलेला धागा पापणी लवायच्या आत जोडणारे हात. त्या हातांना गुहागर तालुक्यात गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा त्यांचं वय काय होतं? चाळीस, पंचेचाळीस. निवृत्त म्हणावं तर म्हातारे नाहीत, आणि नवीन शिकावं तर ‘आता या वयात?’ असं म्हणणारं सगळं गाव. काहींनी आगरात लक्ष घातलं, काहींनी होडीवर जायला सुरुवात केली. बरेच जण पडवीत बसले ते बसलेच. घर चालवलं बायकांनी. तसं ते आधीपासून त्याच चालवत होत्या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी कमी झालेली होती. हे आकडे वाचून बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही, कारण आमच्याकडे पुरुषांची ‘लाइन’ नेहमी गावाबाहेर जाते.

दुसऱ्यांदा वहीची पानं बदलली ती एन्रॉनमुळे. नाव दाभोळ वीज प्रकल्प, पण जागा खाडीच्या अलीकडे, आमच्याच तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात. त्यावरून जे आंदोलन झालं, १९९७ मध्ये वेलदूरच्या बायकांनी जो पोलिसांचा मार खाल्ला, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे मी फक्त रोजगाराबद्दल बोलते. त्या वर्षांत तालुक्यातल्या घराघरात ‘आयटीआय कर, वेल्डिंग कर, इंग्लिश शीक, एन्रॉनमध्ये लागशील’ एवढंच ऐकू यायचं. खोल्या भाड्याने गेल्या, जीपगाड्या कर्जाने घेऊन ठेक्यावर लागल्या. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॉट वीज सुरू झाली. दोन वर्षांत, २००१ च्या उन्हाळ्यात, वीज घेणाऱ्या मंडळाशी दराचा आणि पैशांचा वाद होऊन प्रकल्प बंद पडला. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी आली, पुन्हा यंत्रं फिरली, पुन्हा गॅसअभावी रखडली. पण ज्याने १९९८ मध्ये वेल्डिंग शिकून पुढची तीस वर्षं पक्की झाली असं धरलं होतं, त्याची तीन वर्षंसुद्धा धड गेली नाहीत.

याच कंपनीने हजारो मैलांवर दुसऱ्या लोकांना दुसरा धडा दिला, आणि तो आमच्या बाकड्यावरच्या निवृत्त मंडळींसाठी आहे. अमेरिकेत नोकरदारांच्या निवृत्तीचा पैसा त्यांच्या नावच्या खात्यात साठतो आणि बाजारात गुंतवला जातो. एन्रॉनच्या ह्यूस्टनमधल्या नोकरांचा या खात्यातला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. ऑगस्ट २००० मध्ये तो शेअर ९० डॉलरला होता, पुढच्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता एका डॉलरच्याही खाली आला. म्हणजे नोकरीही तिथे आणि म्हातारपणही तिथेच. एका दिवशी दोन्ही गेलं. इकडे अंजनवेलला वेल्डर बेकार आणि तिकडे ह्यूस्टनला टाय लावलेला हिशेबनीस म्हातारपणी कफल्लक, दोघांना बुडवणारं नाव एकच. शिक्षणाचा उच्च-नीचपणा अशा वेळी कामाला येत नाही.

आता माझ्या विषयाकडे येते, म्हणजे हिशेबाकडे. कॉलेजात आम्हाला पुस्तपालनात घसारा शिकवला. यंत्र विकत घेतलं की त्याची किंमत दरवर्षी थोडी कमी धरायची. ‘घटत्या शिलकेच्या पद्धती’त पहिल्या काही वर्षांत किंमत भराभर उतरते, मग हळूहळू, आणि शून्य कधी होत नाही. शहाणा व्यापारी घसाऱ्याइतकी रक्कम बाजूला ठेवत जातो, म्हणजे यंत्र जुनं झालं की नवं घेता येतं. जो ठेवत नाही त्याला कागदावर नफा दिसत राहतो आणि एक दिवस यंत्र बंद पडतं.

पदवीचंही असंच आहे. आपण मुलाची पदवी विकत घेतो (हो, हल्ली विकतच घेतो, फीच्या पावत्या बघा) आणि ती भिंतीवर लावून घसारा धरायला विसरतो. माझ्याच पदवीचं सांगते. मी शिकले तेव्हा विक्रीकर होता. २००५ मध्ये व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी. पस्तीस-छत्तीस वर्षांत एका विषयाची तीन पुस्तकं रद्दीत गेली. जीएसटी आला तेव्हा माझं वय सत्तावन्न होतं. चिपळूणला एका करसल्लागारांकडे आठ दिवस जाऊन बसले, वहीत लिहून घेतलं, लहान दुकानदारांसाठीची योजना समजून घेतली. वर्गात सगळी पंचविशीतली मुलं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी कोणाची तरी आई आहे, डबा घेऊन आलेय.

पण त्याच पुस्तपालनात आणखी एक नियम होता. जमिनीला घसारा लागत नाही. इमारतीला लागतो, यंत्राला लागतो, फर्निचरला लागतो, जमिनीला नाही. मग शिक्षणातली जमीन कोणती? फॉर्मचे नंबर, करांचे दर, संगणकाची एखादी भाषा, एखाद्या कंपनीचं यंत्र चालवणं, हे सगळं यंत्रात मोडतं. जमा आणि नावे यांचा मेळ बसला पाहिजे ही समज, एखादा कागद शेवटपर्यंत वाचायची सवय, आपल्याला कळलं नाही हे ओळखता येणं, दोन भाषांत सरळ लिहिता येणं, दिलेल्या वेळी दिलेलं काम पुरं करणं, ही जमीन. जीएसटी मला आठ दिवसांत समजला तो या जमिनीमुळे. म्हणून ‘कॉम्प्युटर की मेकॅनिकल’ या प्रश्नावर मी उलट विचारते, पोराला एक पान वाचून त्यातलं काय कळलं ते स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का? बाप बहुतेक वेळा गप्प बसतो.

यावर कोणी म्हणेल, मग पदवी घेऊच नये का? तसं मी म्हणत नाही. आमच्याच गावात २०१२ पासून ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं आहे, महर्षी परशुरामांच्या नावाचं. ज्या गावातून दहावीनंतर मुलगी पुढे शिकवायची म्हणजे तिची कुठल्यातरी नातेवाइकाकडे सोय बघावी लागायची, तिथे दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुली शिकायला येतात, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. एवढंच म्हणते की आंब्याची कलमं विकून, आगर गहाण टाकून शाखा निवडू नका. पुढच्या पंधरा वर्षांत कुठली शाखा चालेल हे तुम्हालाही माहीत नाही, प्राध्यापकांनाही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, त्याच्या सहा महिने आधी किती जणांनी त्याचं नाव ऐकलं होतं? घरातला सगळा पैसा पहिल्याच पदवीत घातला तर दुसऱ्यांदा शिकायला काय उरणार? आणि दुसऱ्यांदा शिकावं लागणारच आहे.

आमच्याकडच्या रस्त्यावर एक मोटरसायकल दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. पन्नाशीचे. कार्ब्युरेटर उघडून, फुंकर मारून, डोळे मिटून परत बसवतील अशी त्यांची ख्याती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम लागला आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटरच गेला, त्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. गाडी का बंद पडली ते आता स्कॅनर लावून बघावं लागतं. वर्षभर ते नव्या गाड्या परत पाठवत होते. मग भाच्याला बसवून मोबाइलवर व्हिडिओ बघितले, रत्नागिरीला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ओळखीने चार दिवस उभे राहिले, स्कॅनर घेतला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखायची त्यांची विद्या अजून चालते. ती जमीन. स्कॅनर हे यंत्र, उद्या विजेच्या गाड्या आल्या की तोही बदलेल. त्यांनी कुठली परीक्षा दिली नाही, पण शिक्षण म्हणतात ते हेच.

आणि एक गंमत बघा. सगळं जग यंत्रं माणसांची कामं घेणार म्हणून घाबरलेलं, आणि आमच्याकडे माडावर चढून नारळ काढायला माणूस मिळत नाही. सुपारीच्या हंगामात तर चार-चार दिवस वाट बघावी लागते. वायरमन, नळ दुरुस्त करणारा, फ्रिजवाला, सगळ्यांची तीच गत. पर्यटक वाढले, घरोघरी निवास-न्याहारीच्या खोल्या झाल्या, आणि एसी बिघडला तर माणूस चिपळूणहून यायचा. नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर चढायच्या यंत्राचं प्रशिक्षण सुरू केलं, भाट्याचं नारळ संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. पण ‘माझा मुलगा माडावर चढतो’ हे सांगायची आईला लाज वाटते, आणि ‘माझा मुलगा पुण्यात घरी बसून नोकरी शोधतोय’ हे सांगायची वाटत नाही. ही लाज गेल्याशिवाय करिअरवरची कितीही व्याख्यानं ऐका, उपयोग नाही.

शिकणं आणि कमावणं एकापाठोपाठ एकच व्हायला हवं, ही समजूतही आपल्या महाराष्ट्रात मोडली गेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, कुंभोजचे. संस्था काढायच्या आधी त्यांनी ओगले, किर्लोस्कर, कूपर अशा कारखान्यांसाठी कामं केली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हाच नियम केला. हात मातीत आणि डोकं पुस्तकात, एकाच दिवशी. आज नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष शिकून प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, मध्ये काम करून पुन्हा परत यायची मुभा, असं काय काय आहे. नवं म्हणून सांगतात. अण्णांच्या वसतिगृहातल्या मुलांना ते फार नवं वाटलं नसतं.

दुसरी भिंत, म्हणजे कमावून झालं की शिकणं नाही आणि करणंही नाही, ती मोडणारा माणूस तर आमच्या शेजारचा. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलं की पुढे दापोली तालुक्यातलं मुरुड. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. लहानपणी ते सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. मला मात्र त्यांची साठीनंतरची वर्षं जास्त विचार करायला लावतात. जन्म १८५८ चा. १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी संपली. १९१६ मध्ये, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. आज राज्य सरकारचा माणूस ज्या वयाला शाल-श्रीफळ घेऊन घरी येतो, बरोबर त्याच वयाला. कल्पना कुठून मिळाली, तर जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका हाती आली आणि त्यांनी ती नीट वाचली. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये, जगप्रवासाला निघाले आणि त्याच प्रवासात जपानही बघून आले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि १९६२ मध्ये देह ठेवला.

सगळेच कर्वे होणार नाहीत, मान्य. पण वर्षं तर आपल्यालाही मिळतायत. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात सरासरी आयुर्मान तिशीच्या थोडं वर होतं, आता सत्तरीच्या आसपास आहे, आणि साठी गाठलेला माणूस ऐंशीपर्यंत जाताना आपण रोज बघतो. म्हणजे निवृत्ती वीस-पंचवीस वर्षांची. जवळजवळ दुसऱ्या नोकरीइतकी लांब.

फंडाच्या पैशांचं मी काय सांगते, तेही लिहून टाकते. बहात्तरला महागाईच्या टक्क्याने भागा, तितक्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. सहा टक्के धरले तर बारा वर्षं. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरखर्च महिना ३०,००० असेल, तर सत्तराव्या वर्षी तेवढंच जेवायला, तेवढ्याच गोळ्या घ्यायला ६०,००० लागतील आणि ब्याऐंशीव्या वर्षी १,२०,०००. हे गणित कागदावर मांडून दाखवलं की बाकड्यावरचा माणूस थोडा वेळ बोलत नाही. राज्य सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही, मार्च २०२३ चा संप त्यावरूनच झाला. खाजगी नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. आणि गिरणीतून, गोदीतून, कोणाच्या गाळ्यावरून परतलेल्या कितीतरी जणांना तेवढीही नाही. म्हणून सगळे पैसे एका बँकेत, एका योजनेत, एका मुलाच्या धंद्यात किंवा एका भावाच्या बांधकामात घालू नका, ह्यूस्टनवाल्यांना आठवा. आणि अंगात जोर आहे तोवर थोडी तरी कमाई चालू ठेवा. पैसा लहान असला तरी पाच-सात वर्षांचं व्याज वाचतं.

इथे मला आपल्या शास्त्रातली एक रचना फार उपयोगाची वाटते. श्रावकाच्या अकरा प्रतिमा आपल्या वाचकांना माहीत आहेत. त्या आत्मकल्याणासाठी सांगितल्या, पेन्शनच्या नियोजनासाठी नाहीत, हे मला कळतं. पण त्यांचा क्रम बघा. नोकरी-शेती-व्यापार सोडणं, म्हणजे आरंभत्याग, ही आठवी प्रतिमा आहे. त्याच्या आधी सात पायऱ्या आहेत. व्रतं, सामायिक, खाण्यापिण्यावरचा ताबा, सगळं संसारात राहून, काम करता करता. म्हणजे काम सुटल्यावर माणूस ज्यावर उभा राहणार, ते आधी तयार करून घेतलंय. आपण उलट करतो. एका संध्याकाळी काम सोडतो आणि दुसऱ्या सकाळी विचारतो, आता काय करू? आमच्याकडे ज्यांचं बरं चाललंय ते सगळे पन्नाशीपासूनच हळूहळू काहीतरी करत होते. कोणी कलमं बांधायला शिकले, कोणी पेटी वाजवत होते, एक बाई मोडी वाचायला शिकल्या आणि आता लोक जमिनीचे जुने कागद घेऊन त्यांच्याकडे येतात.

नववी परिग्रहत्यागाची. इथे मी संसारी माणसांना जरा थांबायला सांगते. मन मोकळं करा, पण राहतं घर आणि पोटापुरता पैसा स्वतःच्या नावावर असू द्या. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, पण मुलाविरुद्ध अर्ज करायची वेळ येऊ नये हे बरं.

आणि दहावी, अनुमतित्याग. घरातल्या, धंद्यातल्या ऐहिक गोष्टींत संमती देणं, सल्ला देणं सोडायचं. पैसा सोडण्याच्या नंतर, त्याच्याही वरची पायरी म्हणून ही ठेवली आहे. मला वाटतं ज्यांनी हा क्रम लावला त्यांनी म्हातारी माणसं नीट पाहिली होती. बाप दुकान मुलाच्या नावावर करतो, पण गोणी कुठे ठेवायची ते रोज सांगतो. १९८५ मध्ये बँकेत लागलेला काका २०२५ मध्ये पुतण्याला सांगतो, ‘बँकेचीच परीक्षा दे, लाइफ सेट.’ काकांच्या नकाशात जे रस्ते आहेत ते आता समुद्रात गेलेत, हे त्यांना कोण सांगणार? त्यापेक्षा स्वाध्यायाच्या पाच प्रकारांतला दुसरा धरावा, पृच्छना, विचारणं. पुतण्याला विचारा, तू काय करतोस, कसं करतोस, मला दाखव. साठीच्या पुढचे पुरुष डॉक्टरलासुद्धा प्रश्न विचारत नाहीत, नातवाला तर नाहीच. मोबाइलवर कोणीतरी पोलिसाच्या वेषात दिसतो, दोन तास धमकावतो आणि फंडातले पैसे घेऊन जातो, ते बरंचसं या न विचारण्यामुळेच.

बायकांचं काय, असं माझ्या मैत्रिणी विचारतीलच. आपल्याला निवृत्तीची तारीख नसते. उलट नवरा घरी बसला की चहाच्या फेऱ्या वाढतात. पण एक आपल्या बाजूने आहे. आपण सारखं काही ना काही नव्याने शिकतच आलो, स्टोव्ह, गॅस, मिक्सर, मुलांचा गणिताचा बदललेला अभ्यासक्रम, सासूबाईंच्या इन्सुलिनची सुई. त्याला कोणी शिक्षण म्हटलं नाही एवढंच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात वयाची वरची अट नाही. आमच्या घरखर्चाच्या वहीत ‘शिक्षण’ हे खातं मुलाची शेवटची फी भरली त्या महिन्यात मी बंद केलं नाही, दरमहा थोडी रक्कम तिथे जातेच. मेकॅनिकच्या स्कॅनरसारखी. कधी ती माझ्यासाठी लागली, कधी ह्यांच्या डोळ्यांना झेपेल अशा मोठ्या टॅबसाठी. यंदा सूनबाईला हवी आहे. निवास-न्याहारीच्या खोल्यांचं बुकिंग आणि हिशेब ती एकटी बघते, आणि तिला हॉटेल व्यवस्थापनाचा छोटा अभ्यासक्रम करायचा आहे.

दुकानाचं आम्ही असं ठरवलंय. दिवाळीपासून बँकेतल्या सह्या मुलाच्या, खरेदी सूनबाईची. हे सकाळी दोन तास गल्ल्यावर बसतील, कारण जुनी गिऱ्हाइकं त्यांच्याशी बोलायलाच येतात. उधारीची वही माझ्याकडे राहील. आठवी प्रतिमा आमच्या घरात अशी चार आणे, आठ आणे चालली आहे. दहावीचं विचाराल, तर काल रात्रीच ह्यांनी जिन्यातून वर हाक मारून विचारलं, ‘साखरेची गोणी कोणत्या भावाने आणली?’ सूनबाईने वरून सांगितलं, ‘बिल मोबाइलवर पाठवलंय, बाबा, बघा.’ ते चष्मा शोधत बसले.